राखेतला पैसा

बायको साप चावून गेल्याचं मला घाटनांदूरच्या बाजारात कळलं. घरी पोचेपर्यंत भावकीनं तो साप ठेचून, तोंडात तांब्याचा पैसा ठेवून, रीतीप्रमाणं जाळलाही होता. मुलगी शिवकन्या विद्यापीठात एआय वापरून सापाचं विष पकडून ठेवणारी प्रोटीनं आखते. रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "आप्पा, नाग व्हता का मण्यार?" भाऊ म्हणाला, "साप व्हता. मारायचा का जात इचारत बसायचं?" ती चिडली. "काका, दोघांचं विष येगळं. प्रोटीन बी येगळं लागतंय!" तिनं सापाची राख चाळली, तर काळा पडलेला पैसा तेवढा निघाला. काल तिनं फोनवर नवं प्रोटीन दाखवलं. "हे नागाचं विष धरतंय, आप्पा." मी विचारलं, "तुझ्या आईला चावला त्याचं धरलं असतं का?" ती तोच पैसा बोटांत फिरवू लागली. मण्यारीचं प्रोटीन अजून व्हायचंय.