रिबिनीचा एप्रन

“मी फोटो काढणार नाही म्हणजे नाही!” लेकीने सहा महिन्यांचं पोट दोन्ही हातांनी धरलं. “छातीत गाठ आहे तर असू दे. बाळ झाल्यावर बघू.”

“आणि तीन महिने ती काय तुझी वाट बघत बसणार आहे?” आई म्हणाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आज फोटो, उद्या सुईची तपासणी, उशीर अजिबात नको. पण ही पोरगी जन्माची हट्टी. सांगितलेलं ऐकेल तर शपथ!

एक्स-रे काढणाऱ्या फोटोमावशी दारातच उभ्या होत्या. दवाखान्यात सगळे त्यांना हेच म्हणत. निवृत्तीला महिना उरला होता आणि गुडघे कुरकुरत होते. आईकडे बघता बघता त्या एकदम म्हणाल्या, “अगंबाई! तू ती रिबीनवाली ना?”

आतल्या खुंटीवरून त्यांनी किरणांपासून पोट झाकायचा शिशाचा एक जुना एप्रन ओढून काढला. कडा झिजलेल्या. एक बंद तुटलेला, त्याच्या जागी विटकी लाल रिबीन.

आईने ती चाचपली. कमरेपर्यंत वेणी होती तेव्हा! बंद तुटला म्हणून मावशी चुकचुकल्या, तर हिने वेणीचीच रिबीन सोडून दिली होती. “घ्या, महिन्याभरात केसच नसतील, रिबीन ठेवून काय करू?” दोघी हसल्या होत्या, मग रडल्याही होत्या.

“हे काय आहे?” लेकीने विचारलं.

“तुझं पहिलं पांघरूण. याच्याखाली तू होतीस.”

“पण तुझं आजारपण तर मी रांगत असताना...”

“खोटं सांगितलं. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. फोटो, ऑपरेशन, औषधं, सगळं तू पोटात असताना. मला टक्कल, आणि तू आलीस डोकंभर जावळ घेऊन!”

लेकीने जुन्या एप्रनवरून हात फिरवला. मग उठली. “मला हाच घाला.”

“हा आता कामाचा नाही गं, माझ्यासारखाच,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी नवा एप्रन काढला. आईने जुन्याची रिबीन सोडून नव्याला बांधली.

“आता हलू नकोस,” मावशींनी मशीनपाशी बजावलं.

“मी नाही हलत. हे हलतंय.”

“त्याला हलू दे. तुझ्या वेळी मी ‘आत गप्प बस’ म्हणून ओरडले होते. तेव्हाही ऐकलं नव्हतंस.”