हातोडी

कोळसा धुऊन त्यातला दगड काढणाऱ्या कारखान्याच्या मॅनेजरनं पोलादाच्या भट्टीसाठी धुतलेल्या कोकिंग कोळशाचा मुठीएवढा तुकडा चाचणीच्या जड द्रवात सोडला. तो तरंगला. "बघा मॅडम, दगड असता तर बुडाला असता. करा पास." मी हा माल घेणाऱ्या पोलाद कारखान्याची तपासनीस, एवढंच त्याला ठाऊक होतं. मी तुकडा बाहेर काढला, पिशवीतल्या जुन्या हातोडीनं फोडला आणि पुन्हा टाकला. काही तुकडे तळाला गेले. "दगड पोटात होता, साहेब. माल जास्त निघावा म्हणून कोळसा फोडणाऱ्या क्रशरची फट रुंद ठेवलीत ना? बारीक फोडून धुवा, असं तुमचा क्रशरवाला दहा वर्षांपूर्वी सांगत होता. तुम्ही त्याच्या हातात हीच हातोडी कोंबलीत आणि 'एवढी हौस असेल तर घरी बसून फोड' म्हणत हाकललंत. ते माझे बाबा." मी कागदावर 'नापास' लिहिलं आणि हातोडी त्याच्यासमोर ठेवली. "ढीग मोठा आहे, साहेब. बसा फोडत."