आगगाडी थोपवणारा

“अहो ताई, गेल्या अंकात आपल्या पठ्ठ्यानं एका हातानं आगगाडी थोपवली, आणि या अंकात त्याला साधी बरणी उघडता येत नाही? वाचक आपली सालटी काढतील. काहीतरी कारण द्या!” कॉमिकचे संपादक फोनवर कावले होते. “ताकद काय, कधी असते, कधी नसते,” चित्रकार पुटपुटली. तिची बोटं संधिवातानं सुजलेली, तरी शाईच्या बाटलीचं झाकण रोज सहज निघायचं. आज मात्र ते जागचं हलेना. फोन कानाशी धरूनच तिनं हाक मारली, “अहो, हे जरा उघडून द्या ना.” ओले हात पुसत नवरा आला आणि बाटली बघून त्यानं जीभ चावली. “आज सैल करून ठेवायचं विसरलोच!” “म्हणजे रोज तुम्ही...?” तो ओशाळला. “सापडलं कारण,” ती संपादकांना म्हणाली. “आगगाडीला आधीच कुणीतरी आतून ब्रेक लावला होता.”