आजोबांनी टाकलेला शब्द

“साहेबांनी विचारलं की काय म्हणायचं, आजोबा?”

“हो म्हणायचं.”

“कोणत्या साहेबांना?”

आजोबांनी गालावरचा फेस बोटाने पुसून निरखला. “न्हाव्याला?”

तिला हसू आलं. तिने दाढी उरकली आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायला बसली.

या परक्या देशात ती पगारावर आजोबांना सांभाळायला आली होती. तिचा राहण्याचा परवाना त्यांच्याच नावावर होता आणि त्याची मुदत संपत आली होती. आजोबांच्या मुलीने सगळ्या कागदांवर सह्या केल्या होत्या, पण तेवढ्याने भागत नव्हतं. बाई हवी की नको, हे आजोबांनी परवाना खात्याच्या साहेबांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असा नियम होता. तिकडे तिचा नवरा मोडक्या कमरेने अंथरुणाला खिळलेला. दोन मुलं सासूबाईंच्या गळ्यात. सगळ्यांचं गाडं आता या विसरभोळ्या म्हाताऱ्याच्या जिभेवर अडलं होतं.

आजोबांचं डोकं जेवणापर्यंत ताळ्यावर असायचं. म्हणून साहेबांना सकाळी बोलावलं होतं. साहेब आले ते दुपारची ताटं उचलल्यावर.

माणूस सभ्य वाटला. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला. “तुम्ही दोघींनी मध्ये बोलायचं नाही,” एवढंच म्हणाला. ती आणि आजोबांची मुलगी दाराशी उभ्या राहिल्या.

“आजोबा, ही कोण?”

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. तिचा जीव टांगणीला लागला.

“ही होय? ही माझी पाठ चोळते. वर भसाड्या आवाजात गाते.”

साहेब हसले. मुलगी हसली. तिचाही जीव भांड्यात पडला.

“मग राहू दे ना हिला इथेच?”

“नको.”

“बाबा!” मुलगी ओरडली. साहेबांनी हाताने तिला गप्प केलं.

“का नको? त्रास देते का?”

“छे! गुणी पोर आहे.” आजोबा पुढे वाकले आणि साहेबांच्या कानाशी लागले. पण बहिऱ्या माणसाची कुजबुज ती, पार दारापर्यंत ऐकू आली. “मला झोप लागली असं वाटलं की तोंडात टॉवेल कोंबून रडते. कोणाची तरी आई आहे हो ती. माझं काय, आज आहे, उद्या नाही. तिला घरी जाऊ द्या.”

“साहेब, त्यांना कळत नाहीये काय बोलतायत ते!” तिचा आवाज फाटला.

“इतकं समजून बोलणारं माणूस मला फार दिवसांत भेटलं नव्हतं,” साहेब म्हणाले आणि लिहू लागले.

ती धावत येऊन पलंगाशी बसली. आजोबांचा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला. “आजोबा, मला नाही जायचं. पाया पडते तुमच्या. सांगा ना त्यांना!”

आजोबांनी दुसरा हात तिच्या डोक्यावरून फिरवला. चेहरा कसा समाधानाने भरून आला होता.

“रडू नको, पोरी. मी बोललोय त्यांच्याशी. सोडतील ते तुला.”