परत ओलं?

स्टीलची बाटली दुसऱ्यांदा कपाळावर बसली आणि स्नेहलच्या भुवईतून रक्त वाहू लागलं. बाकावर पाणी सांडलं, एवढाच तिचा गुन्हा. सुष्मिता पुन्हा हात उगारत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. आवाजही चढलेला नव्हता.

"परत ओलं? परत?"

वर्गशिक्षिका अदितीनं धावत जाऊन तिचं मनगट धरलं. बाटली सुटली तशी चौथीतली ती पोर एकदम शांत झाली. स्वतःचा रुमाल काढून तिनं स्नेहलचं रक्त पुसलं, तिचे केस मागं सारले आणि हळूच म्हणाली, "पडले म्हणून सांगायचं."

स्नेहलला टाके घालून आणल्यावर अदितीनं मुख्याध्यापकांची खोली गाठली.

मुख्याध्यापक ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. "दाखला द्या बापाच्या हातात. उद्या डोळा फोडंल ती कुणाचा."

"सर, हे तिचं बोलणं नाही," अदिती म्हणाली. "मारून झाल्यावर केस सारखे करणं, पडले म्हणून सांग म्हणणं, एवढ्या मुलीला आपल्या आपण सुचत नाही. तिनं हे कुठंतरी बघितलंय."

"ते मानसशास्त्र बी.एड.च्या पेपरात ठेवा, मॅडम. हितं पोरीला टाके पडलेत."

"अदिती बरोबर बोलतेय, सर," शाळेतल्या जुन्या शिक्षिका भैरवीताई म्हणाल्या.

त्या बोलल्या की शाळेत सगळे ऐकत. त्यांच्या सासूबाई कधीच्या अंथरुणाला खिळलेल्या; बाई न ठेवता त्या सगळं आपल्या हातानं करत. वर सुष्मिताचं ओझंही त्यांनी आपण होऊन घेतलं होतं. तिची आई वारलेली. बाप चन्नवीर नेसरीकडचा, लक्ष्मीपुरीत त्याची पिठाची गिरणी. शाळा सुटल्यावर रोज गिरणी बंद होईपर्यंत सुष्मिता भैरवीताईंच्या घरी अभ्यासाला बसे.

"मी कुणाच्या घरातलं बोलत नाही," भैरवीताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण बिनआईची पोर. रात्री अंथरूण ओलं करत असेल. आणि बापाचा हात जड असणार."

अदितीच्या डोक्यात सगळं जुळलं. घरात बापलेक दोघंच. खाली गिरणीची घरघर, वर कोण रडलं तरी कुणाला ऐकू येणार? मार खाणारं मूल आपल्याहून दुबळं कुणीतरी शोधतं, हे तिनं शिकताना वाचलं होतं. तिनं तसं स्पष्ट सांगितलं. मुख्याध्यापकांनी बालकल्याण समितीला फोन लावला.

बोलणं खोलीत राहिलं नाही. संध्याकाळी स्नेहलचे दोन चुलते गिरणीत शिरले. "पोरीवर हात टाकतोस व्हय रं?" म्हणत त्यांनी चन्नवीरला गचांडी धरून रस्त्यावर ओढलं. लोखंडी मापानं त्याच्या हातावर घाव घातले. बोटं मोडल्याचा आवाज पलीकडच्या दुकानात ऐकू गेला. पिठानं पांढरा झालेला माणूस रक्तानं लाल झाला, तरी कुणी मध्ये पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. ओठ फाटलेला, हात गळ्यात बांधलेला.

"दुपारी समितीचे लोक येतायत," मुख्याध्यापक म्हणाले. "पोरगी आता त्यांच्या ताब्यात."

"म्याडम," चन्नवीर अदितीकडं वळला. "वरडतो मी. गिरणीत ऱ्हाऊन आवाजच तसला झालाय. शिव्या बी देतो. पर पोरीला बोट लावलेलं न्हाय. ती गेली तर मी कुणासाठी दळू?"

अदितीचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. पण मुलाच्या तोंडी आपले शब्द घालायचे नसतात, हेही ती शिकली होती.

"ते यायच्या आधी मी तिच्याशी खेळते. विचारणार काही नाही."

"खेळा. लगीन लावा बाहुलीचं," मुख्याध्यापक म्हणाले.

वाचनालयात सतरंजी घातली. चन्नवीर दाराशी उकिडवा बसला. "तिला माझी सवय आहे," म्हणत भैरवीताईही येऊन बसल्या. अदितीनं कापडी बाहुली, खेळण्यातली भांडी आणि एक पट्टी ठेवली आणि बाजूला होऊन बसली.

सुष्मितानं खोक्याची खाट केली. बाहुलीला निजवलं. मग ताटली वाजवत तिनं मोठ्या आवाजात आरती सुरू केली. आरती म्हणता म्हणताच बाहुलीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. कपडे वर केले आणि मांड्यांवर पट्टी ओढली. पुन्हा ओढली. पट्टी तडकली तसं अर्ध्या तुकड्यानं टोचलं. कपडे खाली ओढून तळपायांवर मारलं.

"परत ओलं? परत? मरत का न्हाईस?"

चन्नवीर ढसाढसा रडायला लागला. "पुट्टी, आगं कोण मारतंय तुला? कुणाचं नाव सांग, खांडोळी करतो त्याची."

अदितीनं हातानं त्याला थांबवलं.

"पुरे गं, अदिती," भैरवीताई म्हणाल्या. "दमली पोर. येतीलच ते लोक, त्यांना बघू दे."

"एकच मिनिट, ताई." अदिती सुष्मिताजवळ सरकली. "ही बाहुली म्हणजे तू का गं?"

"न्हाई. मी तिथं गणितं सोडवत बसतो."

"मग ही कोण?"

"आजी."

चन्नवीर डोळे पुसायचा थांबला. "आजी कुठली? आपल्या घरात आजी न्हाय की, पुट्टी."

सुष्मितानं बाहुलीच्या तोंडातला बोळा काढला, तिचे केस नीट मागं सारले आणि भैरवीताईंकडं बघून विचारलं, "सांगू का, बाई?"