बाराव्या मिनिटाला

डीजे सोमाने हायलाइफ ढंगाच्या जुन्या नाचगाण्यांचा दीड तासाचा मिक्स काढला आणि ओवेरी शहराच्या बाजारात तो हातोहात खपला. तक्रार घेऊन आली ती एकटी म्हातारी ममा उझोमा, तीही तिसऱ्यांदा.

"आता काय राहिलं, ममा? आवाज बारीक म्हणालात, मोठा केला. गाणं मध्येच तोडलं म्हणालात, अख्खं अठरा मिनिटांचं घातलं."

"तुझं ओरडणं काढ. सारखं आपलं 'डीजे सोमा, डीजे सोमा'."

सोमाने कपाळाला हात लावला. "ते काढलं तर उद्या कुणीही माझा मिक्स स्वतःचा म्हणून विकेल. आणि मी ओरडतो तेव्हा गाण्यात असतं काय? गायक नुसती गावोगावच्या बड्या लोकांची नावं घेत बसलेला असतो."

"बडे कसले डोंबलाचे. बाराव्या मिनिटाला आमच्या ह्यांचं नाव आहे. नेमका त्याच्यावरच तू बोंबलतोस."

"एक नाव नाही ऐकू आलं तर काय बिघडलं?"

"ते नाव गाण्यात यावं म्हणून ह्यांनी आमच्या घरावरचे पत्रे विकले आणि सगळे पैसे त्या गायकावर उधळले," ममा म्हणाली. "पोरांना पोटाशी धरून तीन पावसाळे मी झावळ्यांखाली भिजत काढले. आता ते नाव मला ऐकू तरी येऊ दे."