आधीच हसणारी बाई

घरगुती विनोदी मालिकेचा पहिलाच सीझन होता आणि आवाजाचं काम माझ्याकडे होतं. शूटिंगला समोर बसवलेल्या प्रेक्षकांचं हसू रेकॉर्ड व्हायचं, त्यात एका बाईचं हसू कायम सगळ्यांच्या आधी यायचं. मालिकेतले आजोबा दर भागात कुठून तरी पडायचे, कधी खुर्चीवरून, कधी जिन्यावरून. ते पडायच्या बरोबर एक सेकंद आधी ही बया खिदळायची. "बाई, जरा दम धरा की!" असं पुटपुटत मी तिचं हसू उचलायचो आणि आजोबा पडल्यावर नेऊन ठेवायचो.

शेवटचा भाग प्रेक्षक न बोलावताच शूट झाला. तरी आजोबा शिडीवरून पडायच्या आधी ती हसलीच.

दिग्दर्शक म्हणाला, "जुन्या भागातलं राहिलं असेल रे. काढून टाक आणि घरी जा, डोळे बघ कसे झालेत."

घरी आलो तर बाबा स्वयंपाकघरात स्टुलावर चढून बल्ब बदलत होते. घरात आम्ही दोघंच.

"बाबा, उतरा बघू. मी लावतो."

"तुझी वाट बघत बसलो तर वर्षभर अंधारात जेवावं लागेल मला."

तेवढ्यात माझ्या पाठीमागे ती बाई खिदळली.



बाबा अजून स्टुलावरच होते.